एक गणित, चार उत्तरं: आठवीतल्या तीन मुलांची केस

गणित हे होतं:

१८ − क्ष² + २क्षय
क्ष = −३ आणि य = २ असताना किंमत काढा.

(पुस्तकात चलांसाठी इंग्रजी अक्षरं असतात, मी इथे जुन्या पद्धतीने क्ष आणि य लिहितेय.)

मी घरी आठवीच्या मुलांची शिकवणी घेते, संध्याकाळी साडेसहाची बॅच. गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे, त्या दिवशी धो धो पाऊस होता म्हणून तिघंच आले होते, एक मुलगी आणि दोन मुलगे, आणि मला वाटलं चला आज शिष्यवृत्तीच्या तयारीचं थोडं बीजगणित घेऊ, पाच मिनिटांचं काम आहे. पाच मिनिटांनी मुलगी म्हणाली, ताई माझं २३ आलं. शेजारचा म्हणाला २१. तिसऱ्याने बाबांचा फोन आणला होता, तो म्हणाला माझं १५ आलंय आणि मी फोनवर चेकपण केलंय.

उत्तर आहे −३.

तिघांपैकी एकानेही निष्काळजीपणा केलेला नव्हता, हे मी आधीच सांगते. तिघांनाही कंचेभागुबेव, म्हणजे कोणती क्रिया आधी करायची त्याचं सूत्र, पाठ होतं, पाचवीपासून पाठ होतं, झोपेतून उठवलं तरी म्हणतील: कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. तिघांनी नियम लावला होता आणि तिघंही आपापल्या उत्तरावर ठाम होते. म्हणून मला ही केस पूर्ण लिहून ठेवायचीये, कारण अशा वेळी आपण पटकन "नियम येत नाही, प्रॅक्टिस कमी आहे" म्हणून मोकळे होतो आणि मीही पहिल्या दिवशी तेच केलं.

मी काय केलं, फळ्यावर गणित सोडवून दाखवलं, समजलं का विचारलं, तिघं हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी तसंच दुसरं गणित दिलं, परत चुकलं. मग मी कंचेभागुबेव दहा वेळा लिहून आणायला सांगितलं. त्याचा परिणाम असा झाला की २१ वाला मुलगा आपल्या चुकीवर आणखी पक्का झाला. हे मला फार लागलं, कारण ती चूक त्याच्या डोक्यात मीच घट्ट करत होते.

त्याच आठवड्यात मुलीच्या आईचा फोन आला. "ताई, हिला गणित जमणारच नाही का हो? घरी रडतीये." मी म्हटलं मला दोन दिवस द्या, आणि रात्री तिघांच्या वह्या घेऊन बसले. या वेळी उत्तरं बघितली नाहीत, एकेक ओळ वाचली.

मुलीची वही अशी होती:

१८ − −३² + २ −३ × २
= १८ + ९ + २ − ६
= २९ − ६
= २३

पहिल्या ओळीजवळ कागद खोडरबराने इतका घासलेला होता की मागचं पान दिसत होतं, म्हणजे तिला तिथे काहीतरी खटकत होतं, तिने दोन-तीनदा खोडून परत तेच लिहिलं होतं. आता गंमत अशी की पहिली ओळ जशी आहे तशी धरली तर पुढचं सगळं बरोबर आहे! १८ मधून −३² वजा करायचा, घात आधी म्हणून −९, वजा उणे नऊ म्हणजे अधिक नऊ. पुढे ३ गुणिले २ आधी, म्हणजे ६. मग २९ वजा ६. एकही पायरी नियमाबाहेर नाही. तिची सगळी चूक क्ष काढून तिथे −३ ठेवताना झाली, म्हणजे हिशेब सुरू होण्याच्या आधीच.

नक्की काय झालं ते जवळून बघा. "२क्षय" यात २, क्ष आणि य यांच्यामध्ये गुणाकार आहे पण तो दिसत नाही, आपण बीजगणितात गुणिलेचं चिन्ह लिहीतच नाही. तिने क्ष पुसून तिथे −३ लिहिलं आणि ते झालं "२ −३". न दिसणारा गुणाकार गेला आणि त्याच्या जागी तीनचं स्वतःचं उणे चिन्ह येऊन वजाबाकी बनून बसलं. (क्ष = ३ असता तर "२३" झालं असतं, सहावी-सातवीत अशी तेवीसवाली मुलं मी बघितलीयेत.) आणि क्ष² मध्ये सगळ्या −३ चा वर्ग हवा होता, −३ गुणिले −३, पण उघडं −३² लिहिलं की घात फक्त तीनला लागतो, उणे बाहेर राहतं.

फोनवाल्या मुलाचीही अर्धी हीच गोष्ट. त्याला गुणाकार दिसला होता, म्हणून त्याने १८ − −३² + २ × −३ × २ असं टाइप केलं आणि फोनने २७ − १२ = १५ दिलं. तो मला परत परत म्हणत होता, ताई फोन कसा चुकेल. फोन चुकला नव्हताच, त्याला जे विचारलं त्याचं उत्तर त्याने बरोबर दिलं होतं. प्रश्न लिहिताना बदलला होता, बस्स.

२१ वाल्याची केस वेगळी होती आणि मला सगळ्यात जास्त विचार तिनेच करायला लावला. त्याने किंमत ठेवताना एकही चूक केली नव्हती. त्याची वही:

१८ − ९ + (−१२)
= १८ − (−३)
= २१

नऊ आणि उणे बारा याभोवती त्याने पेन्सिलने गोल केला होता. मी विचारलं, अरे हे आधी का केलंस? तो म्हणाला, "ताई, बे आधी, व नंतर. तुम्हीच दहा वेळा लिहायला लावलं." आणि तो खरंच बोलत होता. कंचेभागुबेव अक्षराअक्षराने पाळलं तर असंच होतं.

हे नीट समजून घेऊ, कारण शिकवणाऱ्यांपैकीही बऱ्याच जणांच्या मनात इथे गोंधळ असतो. बेरीज आणि वजाबाकी या एकाच पायरीवरच्या क्रिया आहेत, त्यात आधी-नंतर नाही, डावीकडून उजवीकडे जी आधी येईल ती आधी. भागाकार-गुणाकाराचंही तेच. पण कंचेभागुबेव एका ओळीत म्हटलं की सहा पायऱ्यांचा जिना वाटतो.

मग मला प्रश्न पडला की असं असेल तर मुलं भागाकार-गुणाकारात का नाही चुकत? बे-व मध्येच का अडकतात? मी रात्री वहीत करून बघितलं. भागाकार आधी करायचा असा आंधळा नियम धरला तर २४ ÷ ४ × २ चं उत्तर १२, बरोबर. ६ × ८ ÷ ४ मध्ये भागाकार आधी केला तरी ६ × २ = १२, तेही बरोबर. कितीही लांब साखळी घ्या, भागाकार आधी (आणि अनेक भागाकार असतील तर ते डावीकडून) केले तर उत्तर बिघडतच नाही. म्हणजे "भागु" हा क्रम खरा नियम नसूनही मुलांना सांभाळून घेतो. आता बेव बघा. २० − ४ + ६. बेरीज आधी केली तर २० − १० = १०, आणि खरं उत्तर २२. फसलं. पण समजा वजाबाकी आधी केली असती तर? २० − ४ + ६ मध्ये १६ + ६ = २२. ५ + ९ − ३ मध्ये ५ + ६ = ११. दोन्ही बरोबर! म्हणजे सूत्राचा शेवट "बेव" ऐवजी "वबे" असता तर ते आंधळेपणाने पाळणारं मूलही तरलं असतं. भागु सुरक्षित बाजूने लिहिलं गेलंय आणि बेव उलट्या बाजूने. आणि बेरीज-वजाबाकीच्या साखळ्या बीजगणितात ओळीओळीला असतात, त्यामुळे पाचवीत लपलेली चूक आठवीत बाहेर येते.

अमेरिकेत मुलं जे सूत्र पाठ करतात त्यात गुणाकार भागाकाराच्या आधी म्हणतात, त्यामुळे तिकडची मुलं २४ ÷ ४ × २ ला ३ लिहून बसतात. आणि बेरीज वजाबाकीच्या आधी त्यांच्याकडेही आहेच.

आणखी एक, कंचेभागुबेवमध्ये घाताला अक्षरच नाही. "चे" आहे, ते २०० चे १० टक्के किंवा २० चे १/४ यासाठी, ते अंकगणितापुरतं छान चालतं. पण वर्ग, घन कधी करायचे हे सूत्र सांगत नाही, आणि बैजिक राशीत तर पहिला प्रश्न तोच असतो. मी आता मुलांना सांगते की घात कंसाच्या नंतर लगेच, बाकी सगळ्याच्या आधी.

मला वाटतं खरी अडचण अशी आहे की आपण हा क्रम पाचवीत आकड्यांवर शिकवतो आणि का आहे ते सांगत नाही. तो समजतो बीजगणितात. ३क्ष² + २क्ष + ५ हे आपण किती सुटसुटीत लिहितो, एकही कंस नाही. क्रम ठरलेला नसता तर ((३ × (क्ष²)) + (२ × क्ष)) + ५ असं लिहावं लागलं असतं. घात, मग गुणाकार, मग बेरीज-वजाबाकी असं ठरल्यामुळे प्रत्येक पद आपोआप एक गठ्ठा होतं आणि + − ही चिन्हं दोन गठ्ठ्यांच्या मधला सांधा होतात. मुलाला गठ्ठे दिसले की त्याला क्रम पाठ करावाच लागत नाही.

तर मग मी पुढच्या दिवशी काय केलं ते सांगते.

घरात आहेराची पाकिटं पडलेली होती, ती एक रुपयाचं नाणं चिकटवलेली. एका पाकिटावर क्ष लिहिलं, एकावर य. चिठ्ठीवर −३ लिहून क्षच्या पाकिटात घातलं. फळ्यावर १८ − क्ष² + २क्षय लिहिलं आणि विचारलं, लग्नात आहेर देताना नोटा उघड्या देतो का? नाही ना, पाकिटासकट देतो. तसंच क्षच्या जागी आकडा ठेवायचा तो पाकिटासकट ठेवायचा, आणि पाकिटाच्या दोन कडा म्हणजे कंस. मुलीने खडू घेतला आणि लिहिलं:

१८ − (−३)² + २(−३)(२)

ती थोडा वेळ त्या ओळीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "ताई, मला तिथे दोन मायनस शेजारी आवडतच नव्हते." खोडरबराने जिथे कागद घासला होता ती जागा हीच! तिला शंका बरोबर आली होती, फक्त त्या शंकेला लिहायचं कसं हे कोणी सांगितलं नव्हतं.

मग मी नियम केला की आकडा धन असो, ऋण असो, अपूर्णांक असो, किंमत ठेवण्याची ओळ वेगळी लिहायची आणि प्रत्येक किमतीला कंस घालायचा, त्या ओळीत काहीही सोडवायचं नाही. आठवीच्या मुलांना हे बाळबोध वाटतं, वेळ जातो म्हणतात, पण मी यात सूट देत नाही. आणि अपूर्णांकाच्या आडव्या रेघेलाही कंसच समजायचं, (क्ष + ४) वर आणि (क्ष − १) खाली असेल तर रेघ काढून एका ओळीत लिहिताना दोन्हीकडे कंस आलेच पाहिजेत, नाहीतर रेघ जाते आणि तिच्याबरोबर क्रमही जातो.

ऋण आकड्याचं उणे आणि वजाबाकीचं उणे एकाच चिन्हाने लिहिल्यामुळे हा घोळ होतो. भास्कराचार्यांच्या बीजगणितात (११५० चं) अज्ञात राशीला यावत्तावत्, कालक, नीलक अशी नावं आहेत आणि ऋण संख्या दाखवायला आकड्याच्या डोक्यावर टिंब देतात. टिंब आकड्यालाच चिकटलेलं, ते कुणाच्या मध्ये येऊन वजाबाकी बनू शकत नाही. हे मी मुलांना सांगितलं तेव्हा फोनवाला लगेच म्हणाला, मग आपण पण टिंबच द्यायचं ना! दोन दिवस त्याने वहीत ३ वर टिंब देऊन गणितं केली, मी करू दिली, आणि त्याची चिन्हांची चूक त्या दोन दिवसांत एकदाही झाली नाही. शाळेत टिंब चालणार नाही म्हणून नंतर तो कंसावर आला.

२१ वाल्यासाठी पाकीट उपयोगाचं नव्हतं. त्याच्या घरी किराणा दुकान आहे, तो संध्याकाळी गल्ल्यावर बसतो. मी म्हटलं, गल्ल्यात २० रुपये आहेत, ४ गेले, मग ६ आले. किती? २२, असं विचारायच्या आत म्हणाला. मग मी २० − ४ + ६ लिहिलं. त्याने हात पुढे केला, ४ + ६ ला गोल करायला, आणि थांबला. बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "गोल केला तर सहा रुपये आलेले पण गेल्यात धरले जातात." मी इतकी वर्षं शिकवतेय, मला हे इतकं नेमकं मांडता आलं नसतं. वजाबाकीचं चिन्ह फक्त त्याच्या लगेच पुढच्या पदाचं असतं, मध्ये कंस घातला की ते सगळ्यांचं होतं, आणि त्याचा पेन्सिलचा गोल म्हणजे परवानगीशिवाय घातलेला कंसच होता.

त्यानंतर आम्ही पदं अधोरेखित करायला लागलो. सोडवायच्या आधी + आणि − च्या जागी तोडायचं, चिन्ह पुढच्या पदाबरोबर ठेवायचं:

१८ | − क्ष² | + २क्षय

प्रत्येक तुकडा वेगळा सोडवायचा, १८, −९, −१२, आणि मग डावीकडून घेत यायचं. १८ वजा ९, नऊ. नऊ वजा बारा, उणे तीन. कंसातलं + − तोडायचं नाही, तो तुकडा अख्खा ठेवायचा, एवढंच बघायचं.

तीन आठवड्यांनी नवं गणित दिलं, मुद्दाम अवघड:

७ − २क्ष² − क्षय + य²
क्ष = −२, य = −५

मुलीने कंस घालून केलं, ७ − २(४) − (१०) + २५, म्हणजे ७ − ८ − १० + २५ = १४. बरोबर. किराणावाल्यानेही १४ आणलं, पदांच्या मध्ये रेघा मारून. फोनवाल्याचं ६ आलं. मी वही घेतली, कंस होते, पदंही तोडलेली होती. पण २(−२)² ला त्याने आधी २ गुणिले −२ केलं, −४, आणि मग वर्ग, १६. ही त्याची नवी चूक, आधी २क्षय मध्ये घातच नव्हता म्हणून ती कधी दिसली नव्हती.

त्याला मी घात उलगडून लिहायला लावलं. २क्ष² म्हणजे २ × क्ष × क्ष. (२क्ष)² म्हणजे २क्ष × २क्ष. दोन्हीत क्ष किती आणि २ किती ते मोज. त्याने मोजलं, एकीकडे २ एकदाच, दुसरीकडे दोनदा. घात ज्याच्या डोक्यावर बसलाय फक्त त्याचा, सहगुणकाचा नाही, आणि सगळ्यांचा हवा असेल तर कंस. त्याला हे समजलं पण अजूनही घाईत असला की चुकतो, परवाच्या टेस्टमध्येही एकदा चुकलाय, तेव्हा त्याच्यावर अजून काम चालू आहे. आता मी त्याला घात असलेल्या प्रत्येक पदाची उलगडलेली ओळ लिहायला लावते.

दिवाळीच्या सुट्टीत एका रात्री मुलीचा फोन आला, साडेनऊ वाजले असतील. तिचा दादा एमएस-सीआयटी करतोय, त्याच्या लॅपटॉपवर एक्सेल उघडून ती बसली होती. एका सेलमध्ये ३ टाकला होता आणि दुसऱ्यात −क्ष² चं सूत्र, म्हणजे उणे चिन्ह, सेलचं नाव, टोपीचं चिन्ह आणि २. "ताई, हा ९ दाखवतोय. −९ पाहिजे ना?"

तिचं बरोबर होतं. एक्सेलमध्ये सूत्राच्या सुरुवातीला असं एकटं उणे चिन्ह आलं की ते घाताच्या आधी धरलं जातं, म्हणजे एक्सेल ते (−३)² असं वाचतं. पायथॉन या संगणकाच्या भाषेत हेच लिहिलं (तिथे घातासाठी टोपीऐवजी ** लिहितात) तर −९ येतं, गणितात आपण मानतो तसं. एक्सेलमध्येसुद्धा ० − क्ष² असं लिहिलं की −९ येतं, कारण तिथे ते वजाबाकीचं चिन्ह होतं. मी तिला हे सगळं सांगायला घेतलं तर पलीकडून कीबोर्डचा आवाज येत होता.

"झालं ताई," ती म्हणाली. "मी क्ष² ला कंस घातला आणि मायनस बाहेर ठेवला. आता −९ दाखवतोय. दादाला पण दाखवते."